खारट कपाळ आणि सहा फुटांचं अंतर

‘फाइव्ह फीट अपार्ट’ हा चित्रपट मी माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. सतरा वर्षांची स्टेला आणि तिच्याच आजाराचा विल रुग्णालयात भेटतात, प्रेमात पडतात. पण त्यांना एकमेकांच्या सहा फुटांच्या आत यायला सक्त मनाई असते. शेजारी बसायचं नाही, हात हातात घ्यायचा नाही. अर्ध्यात भाचीने चित्रपट थांबवला आणि म्हणाली, “मावशी, दोघांना एकच आजार आहे ना? मग जे आधीच झालंय ते पुन्हा काय लागणार? आणि ती नर्स तर दोघांनाही हात लावते. तिला कसं काही होत नाही?”

प्रश्न अगदी बरोबर होता. साधा हिशेब केला तर धोका नर्सला असायला हवा. ती निरोगी आहे, तिला गमावण्यासारखं जास्त आहे. प्रत्यक्षात मात्र ती सुरक्षित, आणि एकच आजार असलेली ती दोन मुलं एकमेकांसाठी सगळ्यात धोक्याची. भाचीला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी या आजाराबद्दल वाचायला लागले.

आजारपण आणि प्रेम ही जोडी आपल्या सिनेमाला नवी नाही. १९७५चा ‘मिली’, १९७८चा सचिन आणि रंजीताचा ‘अखियों के झरोखों से’, २०२०चा ‘दिल बेचारा’. ‘दिल बेचारा’मध्ये तर नायक-नायिका दोघंही आजारी. पण या सगळ्यांत निदान उशाशी बसायची मुभा असते. २०१९च्या मार्चमध्ये अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या, जस्टिन बाल्डोनी यांच्या या चित्रपटात तीही नाही. हेली लू रिचर्डसन आणि कोल स्प्राउस यांनी साकारलेल्या या दोघांना झालेला आजार आहे सिस्टिक फायब्रोसिस. सहा फुटांचा नियम पटकथेसाठी रचलेला नाही, तो खरा आहे. त्यामागचं कारण समजायला आधी मिठाकडे जावं लागतं. (पुढे चित्रपटाचा शेवटही सांगितला आहे. ज्यांना आधी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी तो पाहून मग पुढे वाचावं.)

मिठामागे पाणी

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पाणी सुटतं. काकडीच्या कोशिंबिरीला आधीच मीठ घातलं तर जेवायच्या वेळेपर्यंत तिचं पाणी पाणी होतं. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. शरीर आतली अस्तरं ओलसर ठेवतं ते याच युक्तीने.

फुप्फुसात शिरणाऱ्या नळ्यांच्या आतल्या भिंतीवर अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. त्यांना रोमके म्हणतात. भाताच्या खाचरात रोपं जशी पाण्यात उभी असतात, तशी ही रोमके पाण्याच्या अगदी पातळ थरात उभी असतात. त्या थरावर चिकट कफाची साय तरंगते. श्वासाबरोबर आलेली धूळ आणि जंतू त्या सायीला चिकटतात. वाऱ्याने रोपं डुलावीत तशी रोमके एका तालात डुलतात आणि ती साय वर, घशाकडे ढकलत नेतात. आपण ती नकळत गिळून टाकतो. ही झाडलोट आयुष्यभर, झोपेतसुद्धा चालू असते.

आता खाचरातलं पाणी आटलं तर? रोपं चिखलात रुततात. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये हेच होतं. पाण्याचा थर राखायचं काम पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनांची दारं करतात. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. ही दारं क्लोराइड बाहेर सोडतात, त्याच्या पाठोपाठ सोडियम जातं आणि मिठामागे पाणी. या दाराला सीएफटीआर असं आद्याक्षरी नाव आहे. या मुलांमध्ये ते दार मुळात तयारच होत नाही, किंवा तयार झालं तरी उघडत नाही. मग मीठ बाहेर पडत नाही आणि पाणीही येत नाही. कफ काकवीसारखा घट्ट होतो, रोमके त्याखाली आडवी होतात, झाडलोट थांबते.

जंतूंना एवढंच हवं असतं. ते तिथे मुक्काम ठोकतात. शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी सोडतं, त्या लढून मरतात आणि त्यांच्या अवशेषांनी कफ आणखी घट्ट होतो. पुन्हा जंतू, पुन्हा सूज. वर्षामागून वर्षं हे चालतं आणि फुप्फुस झिजत जातं.

स्वादुपिंडातही हाच घोटाळा होतो. पचनाचा रस बारीक नळ्यांतच थिजतो, आतड्यापर्यंत पोचत नाही, आणि मुलाने खाल्लेलं अंगी लागत नाही. आजाराचं नावही तिथूनच आलं. १९३८मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी दगावलेल्या बाळांच्या शवविच्छेदनात स्वादुपिंडाची ही अवस्था पाहिली. सिस्ट म्हणजे द्रव साचलेली पोकळ गाठ आणि फायब्रोसिस म्हणजे जखमेच्या वणासारखं तंतूंचं माजणं. ज्या फुप्फुसांमुळे पुढे बहुतेकांचा जीव जातो, त्यांचा या नावात उल्लेखच नाही.

चित्रपटात स्टेलाचा दिवस जवळून दाखवला आहे आणि तो भाग मला सगळ्यात आवडला. औषधांची ट्रॉली तिने स्वतः रकाने पाडून लावली आहे. ती एक जाड जाकीट अंगात घालते, ते सुरू झालं की सगळं अंग थरथरतं, बोलताना आवाजही कापतो. हे जाकीट छाती हलवून भिंतींना चिकटलेला कफ सोडवतं. मग ती खोकून खोकून तो भांड्यात काढते. वाफेसारखं तुषाररूप औषध ओढते, त्यात चक्क खारं पाणीही असतं, कारण दार जे मीठ बाहेर सोडत नाही ते निदान वरून तरी शिंपडता येतं आणि त्याच्यामागे थोडं पाणी येतं. जेवणाआधी पाचक रसांच्या कॅप्सूल. रात्री पोटात बसवलेल्या नळीतून अन्न. निरोगी मुलांचं शरीर जे फुकट करतं, ते या मुलीला दिवसाचे कित्येक तास राबून हाताने करावं लागतं.

एकच दार, दोन उलटी कामं

१९४८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये कडक उष्म्याची लाट आली. उन्हाने कोसळून रुग्णालयात आणलेल्या लहान मुलांमध्ये सिस्टिक फायब्रोसिसची मुलं नजरेत भरण्याइतकी जास्त होती. डॉ. पॉल दि सांतान्येझे यांनी त्याचा माग काढला आणि १९५३मध्ये दाखवून दिलं की या मुलांच्या घामात मीठ कितीतरी जास्त असतं. घामावाटे मीठ निघून गेल्यामुळे ती मुलं कोसळत होती.

इथे वाचक अडखळेल, मीही अडखळले होते. दार बंद असल्याने फुप्फुसात मीठ बाहेर पडत नाही, मग घामात ते जास्त कसं? घामाची ग्रंथी ही त्वचेखाली वेटोळी होऊन बसलेली बारीक नळी असते. तिच्या तळाशी घाम तयार होतो तो बऱ्यापैकी खारट असतो. वर त्वचेकडे येताना नळीच्या भिंती त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेतात, कारण शरीराला ते वाया घालवायचं नसतं. हे परत घेणंही त्याच सीएफटीआर दारातून होतं. घराचं एकच दार माणसांना आत घेतं आणि बाहेरही सोडतं, तसंच हे. ते बंद पडलं की फुप्फुसात मीठ बाहेर येत नाही आणि घामातलं मीठ परत आत जात नाही. एका बिघाडाने छाती आतून कोरडी पडते आणि कपाळ खारट होतं.

युरोपात फार जुनी समजूत होती की ज्या बाळाच्या कपाळाची पापी खारट लागते, ते बाळ फार जगत नाही. शेकडो वर्षं कुणाला कारण माहीत नव्हतं, पण आयांच्या ओठांना ते कळलं होतं.

दार बिघडतं कुठे, हे १९८९मध्ये कळलं. टोरांटोतले लॅप-ची त्सुई आणि जॉन रिऑर्डन, आणि अमेरिकेतले फ्रान्सिस कॉलिन्स यांच्या गटांनी सातव्या गुणसूत्रावर त्याचं जनुक शोधलं. जनुक म्हणजे प्रथिन बनवायची लिखित कृती. सीएफटीआर हे प्रथिन १,४८० मण्यांची माळ आहे असं समजा. युरोपीय वंशाच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये त्यातला ५०८वा मणी गळलेला असतो. एवढ्याने माळेला अढी पडते, ती नीट दुमडली जात नाही आणि पेशीची स्वतःची तपासणी तिला नापास करून मोडीत काढते. दार चौकटीपर्यंत पोचतच नाही.

हे जनुक आपल्याकडे दोन प्रतींत असतं, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत चांगली असेल तर काम भागतं आणि माणसाला जन्मभर काही कळतही नाही. दोघंही पालक असे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतील. ज्या घरांत मामेबहीण-आतेभाऊ अशी लग्नं होतात, तिथे एकच बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते.

चौकट : घामाची चाचणी

*मुलाच्या हातावर घाम आणणाऱ्या औषधाचा तुकडा ठेवून अगदी सौम्य विजेने ते त्वचेत शिरवतात. थोडी झिणझिण होते, सुई लागत नाही. मग त्या जागी गाळणकागद किंवा बारीक वेटोळी नळी बसवून सुमारे अर्धा तास घाम गोळा करतात आणि त्यातलं क्लोराइड मोजतात. लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आलं तर सिस्टिक फायब्रोसिसची दाट शक्यता, ३०च्या खाली आलं तर शक्यता कमी. मधल्या आकड्यांसाठी जनुकांची तपासणी करतात. चाचणीची ही पद्धत १९५९पासून चालत आली आहे.*

कांदा सडवणारा जंतू

आता भाचीच्या प्रश्नाकडे. सिस्टिक फायब्रोसिस हा आजार कुणाचा कुणाला लागत नाही, तो जन्माबरोबर येतो. लागतात ते फुप्फुसात मुक्काम केलेले जंतू. आणि प्रत्येक रुग्णाच्या छातीत वेगवेगळे जंतू वस्तीला असतात.

विलच्या छातीत ‘बर्कहोल्डेरिया सेपेशिया’ नावाचा जंतू आहे, स्टेलाच्या छातीत तो नाही. या जंतूची मूळ ओळख डॉक्टरांनी करून दिलेली नाही, ती शेतीतली आहे. १९५०मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या वॉल्टर बर्कहोल्डर यांनी कांदा सडवणारा जंतू म्हणून त्याचं वर्णन केलं. लॅटिनमध्ये कांद्याला ‘सेपा’ म्हणतात, त्यावरून हे नाव. कांदा सडायची कारणं बरीच असतात. या सडीत कांद्याचे पापुद्रे आंबूस वासाचे, चिकट होतात. हा जंतू मातीत राहतो, ओल्यात राहतो. तुमच्या-माझ्या श्वासात तो गेला तर रोमके त्याला काही वेळात घशाकडे हाकलून देतात.

सिस्टिक फायब्रोसिसच्या छातीत हाकलणारं कुणी नसतं. १९८४मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलं की या जंतूची लागण झालेल्या काही रुग्णांची प्रकृती एकाएकी ढासळते, ताप चढतो, जंतू रक्तात पसरतो आणि रुग्ण थोड्याच काळात दगावतो. त्याच्यावर बऱ्याच प्रतिजैविकांचा परिणाम होत नाही. शिवाय हा जंतू असला तर फुप्फुसं बदलायची शस्त्रक्रिया अनेक केंद्रं नाकारतात. स्टेला त्याच शस्त्रक्रियेच्या यादीत आहे. विलपासून तो जंतू तिच्याकडे आला तर तिची एकुलती एक वाट बंद होईल.

एक बाब आणखी आहे. जंतू एका छातीत वर्षानुवर्षं राहिला की तो बदलतो. तिथल्या कफात कसं जगायचं, बुळबुळीत आवरण पांघरून औषधांपासून कसं वाचायचं, हे तो पिढ्यान् पिढ्या शिकत जातो, आणि जंतूंच्या पिढ्या तासांत मोजाव्या लागतात. मातीतून नव्याने आलेला जंतू म्हणजे डोंगरात पहिल्यांदा शिरलेली परकी फौज. वाटा माहीत नाहीत, पाणवठे माहीत नाहीत. दुसऱ्या रुग्णाच्या छातीतून आलेला जंतू मात्र त्याच घाटवाटांवर वाढलेला असतो. नवी छाती त्याला अनोळखी वाटत नाही. म्हणून एकसारखा आजार असलेली माणसंच एकमेकांना सगळ्यात जास्त इजा करू शकतात.

नर्सचं उत्तरही यातच आलं. तिच्या नळ्यांत पाणी आहे, रोमके हलती आहेत. तिला त्या जंतूचं भय नाही, पण तिच्या हातांवरून तो एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक खोलीत शिरताना ती नवा गाऊन, नवे हातमोजे घालते. ती काळजी रुग्णांसाठी असते.

तीन फुटांचे सहा कसे झाले

हा नियम पहिल्यापासून नव्हता. उलट अमेरिकेत या मुलांसाठी उन्हाळी शिबिरं भरायची. शाळेत आपल्यासारखं खोकणारं दुसरं कुणी नसतं, तिथे मात्र सगळेच तसे. तंबूत एकत्र झोपायचं, एका पंगतीत गोळ्या घ्यायच्या, एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारून कफ मोकळा करायचा. ज्यांनी ती शिबिरं पाहिली त्यांच्या आयुष्यातले ते सगळ्यात आनंदाचे दिवस असणार.

मग सेपेशियाच्या साथी दिसू लागल्या. १९९३मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी सिद्ध केलं की रुग्णांच्या साध्या भेटीगाठींतून, एकमेकांबरोबर वेळ घालवण्यातून हा जंतू पसरतो आहे. त्याचा एकच वाण अटलांटिकच्या दोन्ही काठांवर, स्कॉटलंडमध्ये आणि कॅनडात सापडला. त्या दशकाच्या सुरुवातीला शिबिरं बंद झाली. मला या सगळ्या इतिहासातलं हे पान सगळ्यात जड वाटतं. मुलांना एकत्र आणायचं काम प्रेमापोटी झालं होतं आणि ते थांबवणंही प्रेमापोटीच होतं.

२००३च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत दोन रुग्णांमध्ये किमान तीन फूट अंतर ठेवायला सांगितलं होतं. खोकल्यातले थेंब त्याहून लांब जातात हे दिसल्यावर २०१३मध्ये ते अंतर सहा फूट झालं, आणि रुग्णालयात वावरताना रुग्णांनी मास्क लावायचा असंही ठरलं. बंद सभागृहातल्या कार्यक्रमाला या आजाराची एकच व्यक्ती बोलवायची, इतकी काळजी तिथल्या संस्थांनी घेतली.

आपल्याला हे अंतर २०२०मध्ये करोनाच्या साथीत कळलं, किराणा दुकानासमोर खडूने आखलेल्या गोलांत उभं राहताना. तेव्हा आपली किती तगमग झाली ते आठवून पाहा. ही मुलं आधीपासून तसंच जगत होती, आणि नेमकं त्यांच्यापासून दूर राहून, ज्यांना त्यांचं दुखणं न सांगता समजलं असतं. चित्रपटात स्टेलाचा जिवलग मित्र पो, तोही याच आजाराचा, अचानक जातो. इतक्या वर्षांच्या मैत्रीत त्याला एकदाही मिठी मारता आली नाही, हे तिच्या रडण्यातलं खरं दुःख आहे. प्रेमकथेपेक्षा मला तो प्रसंग जास्त लागला.

स्टेलाने परत घेतलेला एक फूट

चित्रपटाचं नाव पाच फुटांचं आहे, सहाचं नाही. आजाराने आपल्याकडून इतकं चोरलं, तर मीही त्याच्याकडून काहीतरी चोरणार, असं ठरवून स्टेला एक फूट परत घेते. बिलियर्ड्सची पाच फुटी काठी आणते, एक टोक तिच्या हातात, दुसरं विलच्या, आणि दोघं काठीच्या दोन टोकांना धरून रुग्णालयात हिंडतात. हात धरता येत नाही तर निदान एकच काठी धरायची. दृश्य फार सुंदर आहे.

तरी मला वाटतं, भावना खरी असली तरी हा एक फूट चित्रपटाने द्यायला नको होता. अंतराचा आकडा हा काही घासाघीस करून कमी करायचा भाव नव्हे, आणि ही गोष्ट पाहणाऱ्यांत याच आजाराची खरी मुलं असतात. अमेरिकेतलं या आजाराचं एक तरुण जोडपं असंच इंटरनेटवर भेटलं. मुलाच्या छातीत सेपेशिया होता, डॉक्टरांनी मुलीला भेटू नको म्हणून बजावलं होतं. ती भेटली, दोघांनी लग्न केलं, तिला लागण झाली. दोघांचीही फुप्फुसं बदलावी लागली. २०१६च्या सप्टेंबरमध्ये दोघं पंचविशीतच, पाच दिवसांच्या अंतराने गेले. मुलीने हे डोळे उघडे ठेवून निवडलं होतं आणि तिच्या निवडीला नावं ठेवायचा मला काय हक्क? पण त्या निवडीची किंमत काय असते, ते पडद्यावर तितक्याच स्पष्टपणे यायला हवं होतं.

चित्रपटात स्टेला बर्फाळ तळ्यात पडते आणि विल तिला तोंडाने श्वास देऊन वाचवतो. तरी तिला लागण होत नाही. अशी सुटका होऊ शकते, पण तिच्यावर कुणी विसंबू नये. पुढे तिला नवी फुप्फुसं मिळतात. ती दुसऱ्या माणसाची असल्यामुळे त्यांच्या पेशींत चांगलं दार असतं, त्यांना हा आजार कधीच होत नाही. मात्र नाकातली, कपाळातली पोकळी, आतडी, स्वादुपिंड ही तिची स्वतःचीच राहतात, आणि जुने जंतू वरच्या पोकळ्यांतून खाली उतरू शकतात. शिवाय शरीराने परकं फुप्फुस नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती आयुष्यभर दाबून ठेवावी लागते.

चित्रपट बनताना दिग्दर्शकाला या आजाराबद्दल समजावून सांगणाऱ्यांत क्लेअर वाइनलँड ही तरुणी होती. स्वतःच्या आजाराविषयी ती यूट्यूबवर मोकळेपणाने बोलायची आणि लोकांनी आपली कीव करू नये असं तिचं म्हणणं असे. फुप्फुस प्रत्यारोपणानंतर पक्षाघात होऊन २ सप्टेंबर २०१८ रोजी ती गेली. वय २१. चित्रपट पडद्यावर आला तेव्हा ती नव्हती.

सात महिन्यांनी

चित्रपट मार्च २०१९चा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत ट्रिकाफ्टा नावाच्या औषधाला मंजुरी मिळाली. आधीची बहुतेक औषधं कफ पातळ करत, जंतू मारत. हे औषध थेट दाराशी जातं. त्यातली दोन द्रव्यं अढी पडलेल्या माळेला नीट दुमडायला मदत करतात, म्हणजे वाकडं दार सरळ करून चौकटीत बसवणारे दोन सुतार. तिसरं द्रव्य बसलेलं दार उघडं धरून ठेवतं, पाचर मारावी तसं. तो गळलेला ५०८वा मणी ज्यांच्या एका जरी प्रतीत आहे, अशा बहुतेकांना त्याचा उपयोग होतो. काही दिवसांत कफ सुटायला लागतो, वजन वाढतं. प्रत्यारोपणाच्या यादीतली कित्येक माणसं यादीबाहेर आली. १९५०च्या सुमारास ही मुलं शाळेच्या वयापर्यंतही क्वचित पोचत. आज अमेरिकेत जन्मणाऱ्या अशा बाळाच्या आयुष्याचा अंदाज साठीच्या आसपास गेला आहे.

सहा फुटांचा नियम मात्र उठलेला नाही. दार उघडलं तरी आधी वस्तीला आलेले जंतू सहसा पूर्ण जात नाहीत. शिवाय सगळ्यांचा बिघाड एकाच जागी नसतो. दारच अजिबात तयार होत नसेल तर सुतारांनी दुरुस्त करायचं काय? आणि किंमत. अमेरिकेत या औषधाचा वर्षाचा छापील दर तीन लाख डॉलरच्या वर आहे.

आपल्याकडची मुलं

हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो, असं वैद्यकीय पुस्तकांत बरीच वर्षं मानलं गेलं. मग ब्रिटन-अमेरिकेत गेलेल्या भारतीय कुटुंबांच्या मुलांत तो सापडला. तिथले अंदाज दहा हजार बाळांत एक ते चाळीस हजारांत एक असे आहेत. भारतात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास बाळं जन्मतात. चाळीस हजारांत एक हा कमीत कमी आकडा धरला तरी दर वर्षी साडेपाचशेहून जास्त मुलं झाली. त्यांतल्या किती जणांना आजाराचं नाव कळतं?

पाश्चात्त्य देशांत बाळाच्या टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून जन्मतःच संशय घेतला जातो. आपल्याकडे ही तपासणी सर्रास होत नाही. मग मूल सारखं खोकतं तेव्हा क्षयाचे उपचार सुरू होतात. वजन वाढत नाही तेव्हा कुपोषण म्हणून नोंद होते. वारंवार न्यूमोनिया झाला की छातीच नाजूक आहे असं म्हणतात. कडक उन्हाळ्यात घामावाटे मीठ गेल्याने मूल मलूल होतं, उलट्या करतं, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. आपल्या रुग्णांत ५०८व्या मण्याचा बिघाड युरोपपेक्षा बराच कमी आढळतो, म्हणून तिकडे बेतलेल्या जनुकीय चाचण्यांतून इथली मुलं निसटतात आणि नव्या औषधाचा लाभही तितक्यांना होत नाही. पण वेळेवर निदान झालं तर खारं तुषार, पाचक कॅप्सूल, भरपूर तेला-तुपाचं खाणं, जास्तीचं मीठ आणि प्रतिजैविकं एवढ्यावरही मुलाची कितीतरी वर्षं वाचतात. आणि हो, निदान झालेल्या दोन मुलांच्या आया एकाच बाकावर मुलांना मांडीत घेऊन बाह्यरुग्ण विभागात बसल्या असतील, तर सहा फुटांचा नियम तिथे कुणीतरी सांगायला हवा.

मूल बाळसं धरत नसलं की आजही घरोघरी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. त्यामागची माया मला कळते. माझ्या आजीनेही माझी काढली आहे. पण ज्या मुलाला वरचेवर न्यूमोनिया होतो, ज्याची शी तेलकट, चिकट आणि फार दुर्गंधीची असते, भरपूर खाऊनही जे वाढत नाही, त्याच्या कपाळाची एकदा पापी घ्या. ती खारट लागली, कपाळावर किंवा झबल्यावर घाम वाळून पांढरे कण दिसले, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि घामाच्या क्लोराइडची चाचणी करायची का, हे स्वतःहून विचारा. कपाळ खारट नसलं तरी बाकीची लक्षणं असतील तर विचारा. मोठ्या शहरांतल्या मोजक्या रुग्णालयांतच ही चाचणी होते, तेव्हा ती कुठे होईल हेही त्याच भेटीत लिहून घ्या.